प्रश्न तुमचे: आकडे आजाराचे की नमुन्याचे?

प्रश्न : अल्झायमरचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या मृत्यूनंतर घेतलेल्या मेंदूच्या नमुन्यांचा आरएनए डेटा मी उतरवून घेतला. सुमारे 20,000 जनुकांपैकी हजारोंमध्ये फरक दिसतो. हे सगळं आजारामुळेच का?

उत्तर : इतक्यात तसं म्हणू नका. 20,000 जनुकं 0.05 च्या पातळीवर (म्हणजे फरक नसताना शंभरात पाच वेळा चुकून तो दिसणं चालेल असं धरून) तपासली, तर कुठलाही फरक नसतानाही हजारेक जनुकं 'लक्षणीय' ठरतात. एकदम अनेक चाचण्या केल्याचा हिशेब धरणाऱ्या बेंजामिनी-हॉचबर्ग पद्धतीने दुरुस्त केलेली पी-किंमतच (फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) बघा.

मुख्य अडचण मात्र त्यानंतरची आहे. या आजारात चेतापेशी मरतात आणि ग्लिया पेशींचं (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचं) प्रमाण त्या मानाने वाढतं. ऊतीचा तुकडा कुटून सगळा आरएनए एकत्र काढला की चेतापेशींचं एसएनएपी25 हे जनुक घटलेलं आणि अ‍ॅस्ट्रोसाइटचं (एका प्रकारच्या ग्लिया पेशीचं) जीएफएपी वाढलेलं दिसतं; मग एकाही पेशीचं वागणं बदललेलं नसलं तरी! म्हणून अशा, एकेका प्रकारच्या पेशीची ओळख पटवणाऱ्या खुणेच्या जनुकांवरून प्रत्येक नमुन्यातल्या पेशींच्या प्रमाणाचा अंदाज घ्या आणि तो फरक तपासणाऱ्या सांख्यिकी मॉडेलमध्ये घाला. पण पेशी मरणं हा आजाराचाच भाग असल्याने या दुरुस्तीत खरा परिणामही पुसला जाऊ शकतो. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही निकाल मांडा.

त्याही आधी एक छोटी तपासणी कराच. एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या नमुन्यात भरपूर दिसतं, आरपीएस4वाय1 पुरुषांच्या. नोंद स्त्रीची आणि आरपीएस4वाय1 जोरात, असा नमुना सापडला तर बहुधा नळ्यांची किंवा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे. तो बाजूला काढा.

मग पीसीए (जनुकांमधले फरक मोजक्या अक्षांवर आणून प्रत्येक नमुना एक ठिपका म्हणून दाखवणारी पद्धत) काढून तेच ठिपके बॅच (एकत्र तपासलेल्या नमुन्यांचा गट), वय, लिंग, मृत्यूपासून नमुना घेईपर्यंतचे तास आणि आरएनएचा दर्जा यांनुसार आळीपाळीने रंगवा. जे घटक ठिपक्यांची विभागणी करताना दिसतील ते मॉडेलमध्ये यायला हवेत. सगळे रुग्ण एका बॅचमध्ये आणि सगळे निरोगी दुसरीत असतील, तर आजार आणि बॅच वेगळे करणारं गणित नाही. तो डेटा या प्रश्नासाठी सोडून द्या. जनुकांमधला फरक तपासणारं डीईसेक2 हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्याला कच्च्या मोजण्या द्या, टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण आरएनए यांनुसार आधीच बदललेले आकडे) नव्हे.

प्रश्न : एमआरआयवरून डिमेन्शिया ओळखणारं आमचं मॉडेल आमच्या चाचणीत जवळजवळ अचूक होतं. दुसरीकडच्या डेटावर मात्र पार कोसळलं. का?

उत्तर : विभागणी कशी केली ते आधी तपासा. एकाच व्यक्तीच्या एमआरआयमधले काही काप (मेंदूची आडवी-उभी चित्रं) प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले असतील, तर मॉडेल आजार नव्हे, ते डोकं ओळखतं. विभागणी व्यक्तीनुसार करा. तिच्या सगळ्या भेटी एकाच बाजूला राहू द्या. वैशिष्ट्यांची (मॉडेलला दिल्या जाणाऱ्या मोजमापांची) निवड आणि सरासरीने केलेलं प्रमाणीकरणही फक्त प्रशिक्षणाच्या डेटावरून ठरवा. रुग्ण आणि निरोगी वेगवेगळ्या यंत्रांवर तपासलेले असतील, तर मॉडेल यंत्राचा फरकही शिकलेलं असू शकतं.

प्रश्न : जनुकीय डेटातून एपीओई4 (एपीओई जनुकाचं अल्झायमरचा धोका वाढवणारं रूप, ई4) कसं ओळखायचं?

उत्तर : आरएस429358 आणि आरएस7412 या डीएनएतल्या दोन जागांवरची अक्षरं याच क्रमाने एकत्र वाचा. टी-टी म्हणजे ई2, टी-सी म्हणजे ई3, सी-सी म्हणजे ई4. टी आणि सी ऐवजी ए आणि जी दिसले तर नोंद डीएनएच्या उलट्या धाग्यावरची आहे. आधी ती पालटून घ्या. ई4 मुळे धोका वाढतो, पण ते निदान नव्हे. ई4 असूनही आजार न झालेली माणसं आहेत आणि ई4 नसताना झालेलीही, हे अहवालात स्पष्ट लिहा.