वाचकांचे प्रश्न: चारही चाकांची गाडी मागच्या दोन चाकांवर

प्रश्न (मेलबर्न): माझ्याकडे २००३ ची सुबारू इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स आहे, पाच गिअरची मॅन्युअल. तिचे इंजिन चारही चाकांना ताकद देते. ट्रॅकवर ड्रिफ्ट (मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी आडवी वळवणे) शिकण्यासाठी ती ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची आहे. पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल (चाके फिरवणारे दांडे) काढून टाकले की काम झाले, असे एका मित्राचे म्हणणे आहे. खरे आहे का?

उत्तर: नाही. तेवढेच केलेत तर गाडी जेमतेम रांगेल आणि गिअरबॉक्सच्या शेपटीतले एक महागडे कप्लिंग तापून खराब होईल.

कारण असे. या गाडीत गिअरबॉक्समधून आलेली ताकद आधी मधल्या डिफरन्शियलमध्ये जाते आणि तिथून ती पुढे व मागे निम्मी-निम्मी वाटली जाते. डिफरन्शियलचा स्वभाव ठरलेला: एका बाजूला अडवायला काही नसेल, तर सगळे फिरणे तिकडेच निघून जाते. पुढचे अ‍ॅक्सल काढले की पुढची बाजू मोकळी सुटते. मागच्या चाकांना मिळते ते फक्त विस्कस कप्लिंगमधून (घट्ट तेलातून ताकद नेणाऱ्या जोडणीतून) झिरपणारे. ते कप्लिंग क्षणभराच्या घसरणीसाठी केलेले आहे, सतत सगळा भार ओढण्यासाठी नाही.

म्हणून खरे काम मधल्या डिफरन्शियलचे. तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या घरात बसतो, त्यामुळे गिअरबॉक्सची मुख्य पेटी उकलावी लागत नाही. गाडी चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका. तेल काढा, एक्झॉस्टचा मधला भाग आणि प्रॉपेलर शाफ्ट उतरवा, गिअरबॉक्सला खालून आधार देऊन मागचा क्रॉसमेंबर काढा, गिअर लिव्हरची जोडणी सोडवा आणि मग शेपटीच्या घराचे बोल्ट काढा. गिअरबॉक्स पूर्ण खाली घेतला तर काम सोपे जाते, पण सक्ती नाही. आत पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) असतात. कोणती शिम कुठून निघाली ते लिहून ठेवा. त्या अदलाबदल झाल्या की शाफ्टची मागेपुढे हालचाल बिघडते आणि बेअरिंग लवकर आवाज करू लागते.

आता जागी काय बसवायचे? वेल्डिंग करून डिफरन्शियल जाम करण्याचा स्वस्त मार्ग लोक घेतात. तो आम्ही सुचवणार नाही. आतले गिअर कडक केलेल्या पोलादाचे असतात, वेल्डच्या कडेला तडा जातो आणि सुटलेला तुकडा तेलाबरोबर पूर्ण गिअरबॉक्समध्ये फिरतो. शिवाय शेजारचे विस्कस कप्लिंग सीलबंद असून आत सिलिकॉनचे तेल आहे. त्याला वेल्डिंगची धग लागणे धोक्याचे.

त्यापेक्षा तयार स्पूल घ्या. स्पूल म्हणजे डिफरन्शियलच्या जागी बसणारा, आत एकही फिरता गिअर नसलेला ठोकळा. मागवताना नीट विचारा, कारण तो दोन प्रकारांचा मिळतो. एक तिन्ही शाफ्ट एकत्र बांधतो. त्याने गाडी चारही चाकांवर कायम जाम होते, तो तुमच्या कामाचा नाही. दुसरा फक्त गिअरबॉक्सचा पोकळ शाफ्ट आणि मागे जाणारा गिअर जोडतो, पुढच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या पिनियनच्या शाफ्टला हातच लावत नाही. हवा आहे तो हा.

या दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला पुढचे अ‍ॅक्सल तसेच राहू द्या. चाके फिरतील तसे पुढचे डिफरन्शियल आपले आपण फिरत राहील, त्याला इंजिनची ताकद मिळणार नाही. फायदे दोन. जुन्या पाच गिअरच्या पेटीत वेगाचा सेन्सर पुढच्या डिफरन्शियलवरून फिरतो, म्हणजे काटा चालू राहतो. तो बंद पडला की गाडी थांबवताना इंजिनचे आयडलिंग गडबडते आणि लोक भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतात. दुसरा फायदा हबचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा), आणि तो जास्त महत्त्वाचा आहे.

पुढच्या चाकाचे बेअरिंग अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या टोकाने आणि त्यावरच्या मोठ्या नटाने दाबून धरलेले असते. अ‍ॅक्सल पूर्ण काढून, हबमध्ये काहीही न घालता गाडी चालवली तर बेअरिंग सैल होऊन हब सुटू शकतो. म्हणजे चालत्या गाडीचे चाक निघणे. ज्यांना अ‍ॅक्सल काढायचेच आहेत त्यांनी बाहेरचा सीव्ही जॉइंट (दांड्याच्या टोकाचा वळता सांधा) उघडून त्याचे टोक हबमध्ये ठेवायचे, नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळायचा आणि त्याची कडा ठोकून पक्की करायची. एबीएसचे दातेरी कडे त्याच जॉइंटवर असेल तर ते आपोआप जागेवर राहील. आतल्या बाजूला गिअरबॉक्सचे ऑइल सील उघडे पडत नाही ना, तेही पाहा. ज्या पेटीत अ‍ॅक्सल थेट आत शिरतो, तिथे आतल्या जॉइंटचा कप बूच म्हणून ठेवावा लागतो, नाहीतर सगळे तेल जमिनीवर.

अ‍ॅक्सल काढण्याला एक चांगले कारणही आहे. सीव्ही जॉइंट ठराविक कोनापलीकडे वळत नाही. तो गेला की स्टिअरिंग जास्त वळवता येते, आणि ड्रिफ्टला ते लागतेच. पण ती दुसरी पायरी. आधी गाडी मूळ स्टिअरिंगवर शिका.

तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५, साधारण साडेतीन लिटर. पहिल्या दिवसानंतर बदला. ड्रिफ्टमध्ये मागची चाके पुढच्यांपेक्षा बरीच वेगाने फिरतात, त्यामुळे पोकळ शाफ्ट आणि त्याच्या आतला पिनियन शाफ्ट यांच्या वेगात सतत फरक पडतो. मूळ गाडीत तिथे इतका फरक कधीच नसतो. काढलेल्या तेलात चकाकी दिसली तर थांबा.

हँडब्रेक ओढताना क्लच दाबायची सवय लावा. आता मागची चाके थेट गिअरबॉक्सला जोडलेली आहेत.

प्रश्न (ऑकलंड): हाच बदल करतो आहे. मागचे डिफरन्शियल टिकेल का? एसटीआय या जास्त ताकदीच्या इंप्रेझाचे आर१८० डिफरन्शियल बसवावे म्हणतो, पण त्याचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ३.९० आहे आणि माझ्या गाडीचा मागचा ३.५४५. गिअरबॉक्स फुटेल अशी भीती घातली गेली आहे.

उत्तर: भीती चारही चाकांच्या गाडीसाठी खरी आहे, तुमच्यासाठी नाही. तुमच्या गाडीत पुढचा रेशो ३.९० आणि मागे जाणाऱ्या गिअरचा १.१. म्हणून मागे ३.५४५ ठेवला की १.१ गुणिले ३.५४५ म्हणजे ३.९०, पुढे-मागे बरोबरी. ती बरोबरी मोडली तर चारही चाकांच्या गाडीत मधले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत घासते. पुढची बाजू सुटल्यावर बरोबरी कोणाशी करायची? ३.९० बसवल्यास एकूण रेशो ४.२९ होईल. तेवढ्याच आरपीएमला वेग सुमारे ९ टक्के कमी, उचल त्या प्रमाणात जास्त. ड्रिफ्टला उलट बरेच. मात्र पुढे कधी गाडी मूळ स्थितीत आणायची असेल तर जुने डिफरन्शियल विकू नका.

टिकण्याचे म्हणाल तर मूळ आर१६० मध्ये क्राउन या मोठ्या गिअरचा व्यास १६० मिलिमीटर, आर१८० मध्ये १८०. आजवर निम्मी ताकद घेणारे डिफरन्शियल आता पूर्ण घेणार, त्यात क्लचचे झटके. मूळ ताकदीच्या इंजिनावर आर१६० शिकण्यापुरते चालते. टर्बो वाढवला असेल तर आर१८० कडेच जा. त्याच्याबरोबर त्याचेच अ‍ॅक्सल आणि हबही लागतात, आणि इथे लोक फसतात: एसटीआयचे २००४ पर्यंतचे हब ५x१०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर), २००५ पासूनचे ५x११४.३. तुमच्या गाडीची चाके ५x१०० आहेत. नवे हब घेतलेत तर पुढे एक आणि मागे एक असे दोन जातींचे रिम सांभाळावे लागतील.

प्रश्न (वेलिंग्टन): एवढे केल्यावर गाडी हलकी होऊन ट्रॅकवर जलद होईल ना? पेट्रोलही वाचेल?

उत्तर: स्पूलने वजन कमी होत नाही. अ‍ॅक्सल काढून जे वाचते ते एका प्रवाशाच्या वजनाच्याही खालीच. जलद तर नाहीच. इंप्रेझाचे बॉक्सर इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे लटकलेले आहे आणि सुमारे साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर पडते. मागची चाके हलकी, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती गोल फिरत राहतात. जपानच्या डी१ ग्रांप्री या ड्रिफ्ट स्पर्धेत इंप्रेझा मागच्या चाकांवर उतरल्या आहेत, पण तिथे मागे धूर काढणे हाच खेळ आहे. घड्याळाविरुद्ध पळायचे असेल तर गाडी आहे तशी ठेवा.

प्रश्न (ऑकलंड): निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३२ मध्ये नुसता फ्यूज काढून मागच्या चाकांवर चालवता येते असे ऐकले.

उत्तर: येते, कारण ही गाडी मुळात मागच्या चाकांचीच आहे. पुढच्या चाकांना गरजेपुरती ताकद ट्रान्सफर केसमधल्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीतल्या), तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अनेक चकत्यांच्या क्लचमधून मिळते, फार तर निम्मी. फ्यूज काढला की दाब बंद. पण एबीएसही बंद होते, आणि चकत्या एकमेकींना थोड्या घासतच राहतात. दिवसभर ड्रिफ्ट केली तर त्या जळतात. म्हणून ट्रान्सफर केस आणि पुढचे डिफरन्शियल यांमधला छोटा प्रॉपेलर शाफ्ट उतरवा. पुढचे डिफरन्शियल मात्र काढू नका. ते इंजिनच्या सम्पला (तळाच्या तेलपात्राला) जोडलेले आहे आणि उजवा अ‍ॅक्सल सम्पमधूनच जातो.

पुढच्या पिढीच्या जीटी-आरची आर३३ व्ही-स्पेक ही आवृत्ती असणाऱ्यांसाठी: तुमचे मागचे डिफरन्शियलही त्याच दाबावर आवळले जाते. यंत्रणा बंद केली की त्याची पकड सुटते आणि एकच टायर धूर काढतो.

प्रश्न (नाशिक): भारतात आणलेल्या मित्सुबिशी इव्हो एक्सवर असा बदल करून गाडी रस्त्यावर वापरता येईल का?

उत्तर: कायद्याने नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करू देत नाही. कलम १८२अ(४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाल्यास विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. ट्रॅकपुरती गाडी करायची असेल तरी इव्हो निवडू नका. तिचे इंजिन आडवे आहे, मागे जाणारी ताकद ट्रान्सफर केसमध्ये काटकोनात वळते आणि ते बेव्हल गिअर पूर्ण भारासाठी केलेले नाहीत.

प्रश्न (पर्थ): माझी जुनी सुबारू ऑटोमॅटिक आहे. इंजिनाच्या कप्प्यात 'एफडब्ल्यूडी' लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा आहे. तिथे फ्यूज घातला तर?

उत्तर: गाडी पुढच्या चाकांवर जाईल, म्हणजे तुम्हाला हवे त्याच्या बरोबर उलट. त्या फ्यूजने मागे ताकद नेणारा क्लच सुटतो. ड्रिफ्टसाठी तो फ्यूज डब्यातच राहू द्या.