25 हजारांत घरचा स्टोरेज सर्व्हर: आधी दुसरी प्रत, मग डबा

जुळे सोलापुरातलं घर, चार मोबाइलचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, वडिलांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं, सगळं मिळून दीड टेराबाइट आणि बजेट 25 हजार. एवढ्यात दोन डिस्कचा तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घेऊ नका. बरेचसे पैसे नुसत्या डब्यात जातील आणि डिस्क घेताना हात आखडावा लागेल.

दोन डिस्क आरशासारख्या लावल्या (रेड 1) की बॅकअप झाला, असं मीही धरून चाललो होतो. एके दिवशी घरात चुकून एक फोल्डर डिलीट झालं आणि दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. त्यात आईच्या आवाजातल्या ओव्या होत्या. एक जुनी एक्स्टर्नल डिस्क बार्शीला भावाकडे पडून होती, म्हणून त्या परत मिळाल्या. आरसा डिस्क बिघडल्यावर उपयोगी पडतो. चूक, चोरी किंवा व्हायरस झाला तर नाही.

म्हणून एक 4 टीबी डिस्क मशीनमध्ये आणि तेवढीच दुसरी यूएसबीची, आठवड्यातून एकदाच जोडायची. तिसरी प्रत गावाबाहेर. माझी अजून बार्शीलाच असते. भाऊ गड्ड्याच्या जत्रेला आला की तिथली इकडे येते आणि ताजी तिकडे जाते.

आतली डिस्क सीएमआर आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिले जातात, एसएमआरमध्ये एकमेकांवर थोडे चढवून. डब्ल्यूडी कंपनीच्या साध्या 'रेड' मालिकेतल्या (वरच्या रेड 1 शी याचा संबंध नाही) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे 2020 मध्ये उघड झालं. रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ घ्या. एसएमआरवर सलग मोठं लिखाण सुरू झालं की वेग पार बसतो. यूएसबीवाली एसएमआर असली तरी चालेल.

मशीन म्हणून ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या इंटेलचा छोटा डेस्कटॉप बघा. अगदी वहीएवढा 'टायनी' नको, त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. झाकण उघडायला लावून जागा डोळ्यांनी बघा. मोबाइलचे एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमधले व्हिडिओ जुन्या टीव्हीला झेपत नाहीत, ते जेलीफिन या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बदलून दाखवायला या चिपमधलं क्विक सिंक (व्हिडिओ बदलणारा खास भाग) पुरतं. वर ओपनमीडियाव्हॉल्ट ही स्टोरेज सर्व्हरची सिस्टिम टाका, फोटोंसाठी इमिच हे ॲप. मशीनला 20 वॅट धरले तर महिन्याला साडेचौदा युनिट वीज.

राउटरही बघा. पोर्ट 100 एमबीपीएसचं असेल तर एक टेराबाइट चढवायला पूर्ण दिवस-रात्र लागते, गिगाबिटवर अडीच तास.

आता आपल्याकडची खरी अडचण, लाइट आणि ऊन. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट जाताना पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. मागचं बटण यूपीएस मोडवर करा. जमलं तर यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नट हे सॉफ्टवेअर मशीन नीट बंद करतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोयही चालू करा. मे महिन्यात टीव्हीखालच्या बंद कपाटात माझी डिस्क 58 अंशांवर गेली होती, बाहेर उघड्यावर काढली तशी 47 वर आली. माळ्यावर तर मुळीच ठेवू नका.

बाहेरून फोटो बघायचे तर टेलस्केल (आपल्याच उपकरणांना जोडणारं खासगी नेटवर्क) वापरा, राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडू नका. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटला थेट उघडे असलेले हजारो नॅस कुलूपबंद केले होते.

सगळं लागलं की वडिलांचं एक कीर्तन यूएसबी डिस्कवरून दुसऱ्याच लॅपटॉपवर उतरवून शेवटपर्यंत ऐका. ते नीट वाजेपर्यंत मोबाइलमधलं काहीही पुसू नका.