सर्माती, शर्मा आणि नजीकची नदी

‘सार्मेशियन हे नाव आपल्या शर्मावरून आलं का?’ असा प्रश्न आला आहे. तसा पुरावा नाही. पण प्रश्न मुळीच वेडगळ नाही. सार्मेशियन म्हणजे सर्माती, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले प्राचीन भटके घोडेस्वार लोक. त्यांची भाषा इराणी कुळातली, म्हणजे संस्कृतची चुलत बहीण. संस्कृत ‘श’च्या जागी तिकडे ‘स’ येतो हेही खरं: आपलं ‘शत’, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं ‘सत’. त्यामुळे ‘श’मुळे काही अडत नाही, अडतं ते पुढे. इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस डॉन नदीपलीकडच्या या लोकांना ‘सौरोमाताइ’ म्हणतो. ‘सार्माताए’ हे लॅटिन रूप नंतरचं, आणि बहुतेक अभ्यासक दोन्ही एकच नाव मानतात. मग तो ‘सौ’ शर्माचं मूळ असलेल्या शर्मन्‌मधून कसा काढायचा? ग्रीक ‘सौरोस’ म्हणजे सरडा, म्हणून ‘सरड्याच्या डोळ्यांचे’ अशीही फोड सांगितली जाते. तीही नुसत्या आवाजावरून जुळवलेली.

नाव मात्र खूप फिरलं. भूगोलकार टॉलेमीने इ.स.च्या दुसऱ्या शतकात युरोपातला आणि आशियातला असे दोन सर्मातिया सांगितले. इ.स. १७५च्या तहात रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसला ८,००० सर्माती घोडेस्वार मिळाले, त्यांतले ५,५०० त्याने ब्रिटनला धाडले. फ्रान्समध्ये सेरमेझ नावाची गावं आहेत, ती रोमनांनी वसवलेल्या सर्मातींची आठवण.

पण खरं नातं शोधायचं तर नद्यांकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. कॉकेशसमधली ओसेट भाषा ही सर्मातींपैकी अलान लोकांच्या भाषेची आजची वारस. तिच्यात ‘दोन’ म्हणजे पाणी, नदी. डॉन नदीच्या नावातही तोच शब्द आहे, आणि ऋग्वेदात ‘दानु’ म्हणजे थेंब, द्रव. पूर्व युरोपातल्याच नीपर नदीचं नाव ‘दानु अपर’, पलीकडची नदी, असं फोडतात. हा ‘अपर’ आपल्या ‘अपरान्ता’त, म्हणजे कोकणाच्या जुन्या नावात, आहेच.

तिथल्याच नीस्टर नदीच्या नावाची फोड तर मला सगळ्यांत आवडते: ‘दानु नझ्द्य’, जवळची नदी. हाच ‘नझ्द’ फारसीत ‘नज्दीक’ झाला आणि तिथून मराठीत ‘नजीक’. नाशिकनजीक, पुण्यानजीक असं आपण रोज लिहितो, त्यातला.