बाळ पोटात टांगलेलं नसतं

‘जिना चढले तर चालेल ना? वाकून फरशी पुसली तर? हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले तर?’ गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या बायका मला हे इतक्या वेळा विचारतात की एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. ज्यांचं आधीचं बाळ गेलेलं असतं, त्यांच्या प्रश्नात तर स्वतःवरचा आरोप दडलेला असतो.

अशाच एकीची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

तिला अकरावा आठवडा होता. पहिलं गर्भारपण नवव्या आठवड्यात संपलेलं. या वेळी चाचणी आल्यापासून ती अंथरुणावरच होती. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली नव्हती. सोनोग्राफी चांगली होती, रक्तस्राव नव्हता. घरी म्हशींचा गोठा, दुधाचा धंदा. तरीही सासूबाई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या. रात्री कुशीवर वळतानाही ती पोट दोन्ही हातांनी धरायची.

‘काही होणार नाही’ हे वाक्य तिने सगळ्यांकडून ऐकलं होतं. असा दिलासा तासभर टिकतो आणि मग पुन्हा मागावा लागतो. भीती ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूत आधी पुढ्यात यायला हवी, असं मी मानते. म्हणून तिला कागद दिला आणि म्हटलं, “बाळ आत कसं आहे असं वाटतं, ते काढा.”

तिने मोठी रिकामी पिशवी काढली. वरून एक दोरी, दोरीच्या टोकाला बाळ.

“दोरी तुटली की?”

“की संपलं,” ती म्हणाली. “म्हणून हलत नाही मी.”

हेच चित्र मनात घेऊन कितीतरी बायका नऊ महिने काढतात. खरं चित्र वेगळं आहे. फलित अंडं सहा ते दहा दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात शिरतं आणि ते अस्तर त्याला सगळीकडून झाकून घेतं. अकराव्या आठवड्यात बाळ चार-पाच सेंटीमीटरचं असतं आणि पाण्याच्या पिशवीत तरंगत असतं. हे पाणी दहाव्या आठवड्यात तीसएक मिली भरतं, चौतिसाव्याच्या सुमारास ८०० मिलीपर्यंत जातं. भोवती गर्भाशयाची स्नायूंची जाड भिंत. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत अख्खं गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत, पुढच्या हाडाच्या आडोशाला असतं. खाली तीन-चार सेंटीमीटर लांबीचं गर्भाशयमुख घट्ट मिटलेलं, त्यात चिकट स्रावाचं बूच. नाळेचं काम रक्त नेण्या-आणण्याचं. बाळाचा भार तिच्यावर नसतो.

तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. मग मी म्हशींवर आले.

“गाभण म्हशीला तुम्ही बसवून ठेवता?”

“छे! चरायला जाते की. शेवटी शेवटी लांब पाठवत नाही, घसरट जागी नेत नाही.”

“आणि जार बघितलीय?”

“बघितलीय ना. बटणं असतात तिच्यावर, पुष्कळ. सगळी सुटली का ते बघायला लागतं, नाहीतर आत अडकते.”

जार म्हणजेच वार, पोटातल्या पिल्लाला आईच्या रक्तातून पोसणारा अवयव. गाय-म्हशीची वार अशी अनेक ठिकाणी गर्भाशयाला धरून असते. गाईत ही बटणं साधारण ७० ते १२० भरतात. व्याल्यानंतरही ती सहज सुटत नाहीत, हे तिने स्वतः पाहिलं होतं. जे इतक्या मुश्किलीने सुटतं ते वाकल्याने कसं सुटेल, हा विचार तिचा तिनेच बोलून दाखवला.

पुढच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या. “ताई, म्हैस वेगळी नि बाई वेगळी,” त्या म्हणाल्या. अगदी योग्य मुद्दा. गाईचे दिवस बाईसारखेच, २८० च्या आसपास. म्हशीचे ३१० च्या घरात. कांगारू तर ३३ दिवसांत जेमतेम ग्रॅमभराचं पिल्लू जन्माला घालते आणि पुढचे कितीतरी महिने पोटावरच्या पिशवीत वाढवते. समुद्रघोड्यात, म्हणजे त्या इवल्या घोडमाशात, पिल्लं नराच्या पिशवीत वाढतात. प्रत्येकीची रीत निराळी.

पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने फरक बाईच्याच बाजूचा आहे. बाईची वार एकाच ताटलीसारखी असली तरी ती गाईच्या वारेपेक्षा खोल शिरते, आईच्या रक्तात थेट भिजते. म्हणून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं बाळाला पोटातच मिळतात. वासराला ती मिळत नाहीत, कारण दोन रक्तांच्या मध्ये पेशींचे जास्त थर असतात. त्यासाठीच त्याला जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा लागतो. हे सांगताच सासूबाई सरसावून बसल्या. चिकाचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सुनेला बाहेर चालू द्यायला त्या त्याच दिवशी तयार झाल्या.

आणि तरीही ती रडायला लागली. “मग मागच्या वेळी का गेलं? मी भरलेली कळशी उचलली होती. त्याच संध्याकाळी रक्त दिसलं.”

इथपर्यंत पोचायलाच आधीच्या सगळ्या भेटी लागल्या होत्या. मी तिला जुनी फाइल आणायला सांगितली. त्यात दोन सोनोग्राफी होत्या. पहिली सहाव्या आठवड्यातली : ठोके आहेत, वाढ तारखेप्रमाणे. दुसरी रक्त दिसल्याच्या दुसऱ्या दिवशीची, नवव्या आठवड्यातली : ठोके नाहीत, गर्भाची लांबी सात आठवड्यांची.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “पाळीच्या हिशेबाने आठवडे किती?”

“नऊ.”

“आणि बाळ किती आठवड्यांचं दिसतंय?”

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. “सात,” ती म्हणाली. मग बोटांवर मोजून, “म्हणजे मी कळशी उचलली, तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते.”

वाढ आधी थांबते, रक्त नंतर दिसतं. मध्ये कित्येक दिवस जातात. त्यामुळे रक्त दिसण्याच्या दिवशी जे केलं असेल त्यावर दोष येतो: कळशी, प्रवास, पपईची फोड. कळलेल्या दर शंभर गर्भारपणांतली दहा ते वीस अशी संपतात आणि पहिल्या तिमाहीतल्या अशा घटनांपैकी निदान निम्म्यांत कारण गुणसूत्रांच्या संख्येतल्या चुकीचं असतं. ती चूक बहुतेकदा बीज तयार होतानाच झालेली असते. मला या कामात सर्वात मोलाचा वाटतो तो हा क्षण : तिने स्वतः मोजलं. मी सांगितलं असतं तर तोही एक दिलासाच ठरला असता.

यानंतरचं काम सोपं होतं. डॉक्टरांना विचारून रोज दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. जिना कठडा धरून. काळजीसाठी संध्याकाळची पंधरा मिनिटं राखून ठेवायची. एरवी मनात आलेला प्रश्न वहीत लिहायचा आणि पुढच्या तपासणीला विचारायचा. नुसतं झोपून राहिल्याने गर्भपात टळतो असं दिसून आलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू सैल पडतात. मात्र वार खाली असणं, गर्भाशयमुख आखूड असणं किंवा रक्तस्राव असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच करायचं.

घरच्यांसाठी एक कागद भिंतीवर लावायला दिला. रक्त, पाणी जाणं, थांबत नसलेली कळ, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज : यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता दवाखाना.

‘बाळ हलत नाही’ ही भीती तिने अकराव्या आठवड्यातच बोलून दाखवली होती. बाळ तेव्हा हलतच असतं, पण पहिलटकरणीला ते साधारण अठरा ते वीस आठवड्यांनी जाणवतं. वार पुढच्या भिंतीला असेल तर आणखी उशिरा. मोजायला सुरुवात अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून करायची. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर गोड खाऊन, थंड पाणी पिऊन वाट बघत बसायचं नाही. त्याच वेळी दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्यायचे.