जागा नाही म्हणून इंजेक्शन नको

प्रश्न : ताई, आर्वीकडच्या एका खेड्यात आम्ही पोरंपोरी वावराच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये जखमी कुत्री सांभाळतो. एकीला ट्रकनं उडवलं, कंबर मोडली. जखमेत सारख्या अळ्या पडतात. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन देऊन सोडवा. आई म्हणते, "पाप लागते वो." गटातले काही म्हणतात, शेड भरलं, त्या तीन पायांच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही इंजेक्शन देऊन टाका.

उत्तर : पोरी, म्हाताऱ्याचं आधी सांगते. नाही. तो खातोपितो, हिंडतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही दयामरण आहे ते बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असलेल्या कुत्र्यांसाठीच. शेड भरलं तर नवी कुत्री घेणं थांबवा आणि नसबंदीसाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा, ती त्यांचीही जबाबदारी आहे.

कुत्रीचं मात्र वेगळं. नुसती कंबर गेली म्हणून कुणाला मारू नये. मागचे पाय ओढत नीट जगणारी कुत्री असतात. अळ्याही काढता येतात. डॉक्टरांना नेमकं विचार : मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं तर तिला कळतं का? लघवी आपोआप होते, की पोट दाबून काढावी लागते? ती तुंबली, अंगाखाली सांडत राहिली, की कातडी सडते आणि पुन्हा माश्या बसतात. जखम हाडापर्यंत गेली असेल, वेदनाशामकानंही कण्हणं थांबत नसेल आणि डॉक्टर सुधारणेची आशा नाही म्हणत असतील, तर आता थांबणं तिच्यासाठी नाही, आपल्या मनासाठी आहे. सोडव तिला.

आईला बापूंचं सांग. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, 1928 मध्ये, साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या वासराला त्यांनी डॉक्टरांकडून इंजेक्शन द्यायला लावलं. लोक खवळले, पण बापूंनी ती अहिंसाच मानली. आईला पटेलच असं नाही. नाही पटलं तर वाद घालू नकोस, तिच्याही पोटात माया आहे.

इंजेक्शन डॉक्टरांच्याच हातून, आधी गुंगीचं. बाकीची कुत्री लांब बांधा. तू जवळ बस, तुझा हात तिला ओळखीचा आहे. नंतर खड्डा चांगला खोल घ्या. ते औषध शरीरात राहतं, कुणी उकरून खाल्लं तर तेही दगावतं.