सात दालनं मोजत बसू नकोस

भुसावळ

प्रिय बाळ,
प्रेमाचा सलाम.

"मावशी, मी कितव्या दालनात असेन?" असं तू विचारलं आहेस. सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण, अविलाची तेरेसा, हिचं प्रार्थनेवरचं पुस्तक वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न येतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला आणि अगदी आतल्या दालनात राजा, म्हणजे देव, ही तिची मांडणी खरी. पण ती दालनं म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. एकामागोमाग एक रांगेनं लावलेल्या खोल्या समजू नका, वर-खाली-बाजूला कितीतरी खोल्या आहेत, असं तिनं सुरुवातीलाच बजावलंय. आपण तेवढंच विसरतो आणि नंबर लावत बसतो.

पाचव्या दालनाबद्दल ती काय म्हणते ते पुन्हा काढून वाच. देवावर आपलं प्रेम आहे की नाही हे आपल्याला खात्रीनं सांगता येत नाही. शेजाऱ्यावर आहे की नाही, हे मात्र कळतं. म्हणजे मोजायचंच असेल तर तिथं मोज. तुझ्या पत्रात तेरेसाबद्दल दोन पानं आहेत आणि खोलीतल्या मुलीबद्दल एकच ओळ, "तिच्याशी मी बोलत नाही." मी त्या ओळीवर जास्त वेळ थांबले.

प्रार्थनेत मन भरकटतं म्हणून तू स्वतःला फार बोल लावतेस. तेरेसानं हे पुस्तक 1577 साली लिहिलं, बासष्टाव्या वर्षी, तब्येत ढासळलेली असताना. चौथ्या दालनाबद्दल लिहिता लिहिता ती मध्येच सांगते की माझ्या डोक्यात नद्यांचा गोंगाट चाललाय, पाखरं आणि शिट्ट्या वाजताहेत, आणि तरी प्रार्थना अडत नाही. गिरणीची खडखड चालू दे, आपण आपलं पीठ दळावं, असं तिचं म्हणणं. आपल्या बहिणाबाईंना मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारं ढोर वाटलं, कितीही हाकललं तरी परत येणारं. मठातली बाई आणि असोद्याची शेतकरीण, दोघींनी मनाला ओळखलं होतं. तेव्हा ढोर शिरलं की हाकल, आणि पुन्हा प्रार्थनेला लाग. त्यासाठी रडायला नको.

आता उपास. नाईट ड्यूटी करून दिवसा उपास धरतेस आणि मग प्रार्थनेत अंग हलकं होतं, काहीतरी जाणवतं, असं लिहिलंस. हे वाचून मला काळजी वाटली. उपास आणि जागरणानं अशक्त झालेल्या मठातल्या जोगिणी भान हरपून पडून राहायच्या आणि त्याला देवाची कृपा समजायच्या. तेरेसानं त्यांना काय उपाय सांगितला? पोटभर जेवा, झोपा, तपश्चर्या कमी करा. इतकी मोठी साधिका, आणि औषध हे! तुलाही तेच सांगते. ड्यूटीचा आठवडा संपेपर्यंत उपास बंद.

प्रार्थनेतल्या कोरडेपणाबद्दल मात्र सावकाश बोलू या. तेरेसाचा सोबती, क्रूसाचा योहान, या कोरडेपणाच्या काळाला "अंधारी रात्र" म्हणतो. ती ओळखायच्या त्यानं तीन खुणा दिल्यात. देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही आणि जगातल्या दुसऱ्या कशातही उरत नाही. तरीही देवाचीच चिंता लागून राहते, आपण मागे पडतोय असं वाटत राहतं. आणि पूर्वीसारखं कल्पनेनं मनन करता येत नाही. तिन्ही एकत्र असल्या तरच. नुसता कंटाळा असेल तर तो कंटाळाच, आणि उदासीचा आजारही अशीच गोडी घालवतो, हे योहानाला ठाऊक होतं, त्यानं ते वेगळं काढलंय. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेव आणि तुझ्याच दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना गाठ. त्यात विश्वासाला काही कमीपणा नाही.

आणखी एक. योहानाच्याच संन्यासी संघातल्या लोकांनी 1577 च्या डिसेंबरात त्याला पकडून स्पेनमधल्या टोलेडोत एका कोंदट कोठडीत डांबलं. तिथं त्याच्या कविता सुचल्या, हे सगळे सांगतात. पण पुढच्या ऑगस्टात पांघरुणाच्या पट्ट्या एकमेकींना बांधून तो खाली उतरला आणि पळून गेला, हे फार कमी जण सांगतात. दुःखातून देव बोलतो म्हणून दुःख धरून ठेवायचं नसतं. तू राहतेस त्याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. कैद वाईटच, तिचा असा उपयोग झाला एवढंच. म्हणून वॉर्डात कुणी तुझ्यावर अन्याय करत असेल तर त्याला अंधारी रात्र म्हणू नकोस. वरिष्ठांकडे तक्रार कर.

चर्चच्या मंडळीतले काही म्हणतील, ही कॅथलिक पुस्तकं, आपल्याला प्रोटेस्टंटांना कशाला? त्यांच्याशी वाद घालू नकोस. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना काही सोडलं नाही. शुभवर्तमान रोज उघडं असू दे, बाकी पुस्तकं त्याच्या शेजारी. तुझ्यासाठी ब्रदर लॉरेन्सपासून सुरुवात बरी. पॅरिसच्या मठातला हा स्वयंपाकी. स्वयंपाकघराचं काम त्याला मुळीच आवडत नसे, तरी भांड्यांच्या गडबडीत तो देवाच्या सहवासात राहायला शिकला. ड्रेसिंग ट्रॉली ढकलणाऱ्या मुलीला तो लवकर कळेल. एकहार्ट हा जर्मन गूढवादी आत्ता नको. रोज अर्धं पान पुरे. आवडलेलं वाक्य वहीत उतरवण्याआधी, आज ते कुणाशी वागताना उपयोगी पडेल, हे स्वतःला विचार. जमलं तर आठवड्यातून एकदा पाळकांच्या बाईंसोबत वाच; एकटीनं वाचलं की आपण आपल्याला हवं तेच वाचतो. आणि प्रार्थना घरच्या बोलीत कर. तेरेसाला लॅटिन येत नव्हतं, तिनं सगळं आपल्या भाषेत लिहिलं. आपल्या मावची बोलीतली प्रार्थना देवाला कळत नाही असं कुणी सांगितलं तुला?

खोलीतल्या मुलीशी बोललीस की मला कळव. काय बोलणं झालं ते लिहू नकोस, बोललीस एवढंच लिही.

तुझी मावशी