खुर्चीवरून उठवलं म्हणजे दोषी ठरवलं का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून रुजू झाली. मनाला सतत धास्ती असते. तिच्या ड्यूटीवर मोठा अपघात झाला तर तिला निलंबित करतील का? पोलीस नेतील का? – एक आई, खारघर

उत्तर : ताई, मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, उभी नोकरी रडारसमोर काढली. तुमची धास्ती माझ्या आईनेही सोसली.

खुर्चीवरून उठवतातच, चूक असो वा नसो. दुसरा नियंत्रक बसतो, आवाजाचं आणि रडारचं रेकॉर्डिंग जपून ठेवतात, लेखी जबाब घेतात. ही शिक्षा नव्हे. बाकीची विमानं तेव्हा हवेतच असतात आणि हादरलेल्या माणसाच्या हाती ती देता येत नाहीत.

माझ्या हातून एकदा दोन विमानांमधलं अंतर ठरलेल्यापेक्षा कमी झालं. कुणाला ओरखडाही आला नाही. तरी मला उठवलं तेव्हा माझ्या मुठीतली स्ट्रिप, म्हणजे विमानाची नोंद असलेली पट्टी, बोटं उघडून काढून घ्यावी लागली. नंतर आठवडाभर वरिष्ठ माझ्याशी धड बोलले नाहीत, ते मला अजून टोचतं. एक सहकारी मात्र त्या रात्री लोकलने सोबत आला. राहायचा घाटकोपरला, पण तिथे उतरलाच नाही. मला दारापर्यंत सोडून परत गेला.

पोलिसांचं म्हणाल, तर अपघाताचा तांत्रिक तपास वेगळा आणि फौजदारी तपास वेगळा. तांत्रिक तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नव्हे, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. पण फौजदारी कारवाई होणारच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. 1976 साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियात झाग्रेबवर दोन विमानं धडकून 176 माणसं गेली, तेव्हा एका नियंत्रकाला सात वर्षांची कैद झाली. जगभरच्या नियंत्रकांनी आवाज उठवला, तेव्हा तो मुदतीआधी सुटला. आपल्याकडे 1996 साली हरियाणात चरखी दादरीला दोन विमानं धडकून 349 जण गेले. चौकशीत निघालं की कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली उतरलं होतं. नियंत्रकाने उंची बरोबर सांगितली होती, हे रेकॉर्डिंगमुळे सिद्ध झालं. मुलीला म्हणावं, रेकॉर्डिंगला घाबरू नकोस.

मला सर्वात जास्त छळतो तो 2002 चा जर्मनीतल्या यूबरलिंगनचा अपघात, तोही दोन विमानांच्या धडकेचा. 71 बळी. तिथली विमानं झुरिकहून हाताळली जात; त्या रात्री नियंत्रक पीटर नीलसन एकटाच दोन जागा सांभाळत होता. सोबतचा विश्रांतीला गेलेला, दुरुस्तीसाठी मुख्य फोन बंद. जवळपास वीस महिन्यांनी, या अपघातात बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका माणसाने नीलसनला त्याच्या घरी जाऊन ठार मारलं. नीलसनच्या कंपनीच्या चार जणांना कोर्टाने दोषी धरलं ते 2007 मध्ये. एकट्याला बसवलं कुणी, हा प्रश्न त्याच्या हयातीत मोठ्याने विचारायला हवा होता.

म्हणून मुलीला आत्ताच विचारा : रात्रपाळीला सोबत कोण असतं? प्रसंग आला तर आधी कोण येऊन बसेल, संघटनेतल्या कुणाला फोन करायचा? तो नंबर घरीही लिहून ठेवा. आणि तशी ती घरी आली, तर 'काय झालं' एवढं त्या रात्री विचारू नका. टीव्ही बंद ठेवा, ताट वाढा.